फिटरमामांचं इंजिन

फिटरमामांवर लिहायला मी सगळ्यांत नालायक बाई आहे. तरीही मीच लिहिते आहे, कारण आमच्या क्लबात लिहिण्याचं काम पहिल्यापासून माझ्याच गळ्यात आहे. जुन्या मोटारींच्या या क्लबाची मी चौदा वर्षं चिटणीस आहे. कोणाची गाडी कुठल्या सालातली, कोणी कधी काच बदलली, सभेला कोण आलं आणि कोण नुसतंच चहापुरतं आलं, हे सगळं माझ्या अक्षरात आहे. मामांचंही आहे. फक्त जे लिहायला हवं होतं तेवढंच नाही.

मामा माझे कोणी सख्खे मामा नव्हेत. ते शहराच्या पंपहाऊसमध्ये फिटर होते. आमच्या वडिलांची गाडी बघायला पहिल्यांदा आले तेव्हा वडील मला म्हणाले, "मामांना पाणी दे." तेव्हापासून ते आमच्या घरात मामा झाले आणि मग अख्ख्या क्लबाचे फिटरमामा. बुटका, काटक माणूस. शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. आमचे बाकीचे सभासद गाडीला हात लावला की नंतर साबण शोधत फिरतात. मामा आधी हात धुवायचे आणि मग बॉनेट उघडायचे.

गाडी सुरू होत नसली की ते मालकाला एकच प्रश्न विचारायचे, "शेवटचं काय केलंत?" मालक छातीठोकपणे सांगायचा, "काही नाही." मामा मान डोलवायचे. "बरं. मग तेच आता उलटं करू या." आणि दहा मिनिटांत कुठे घोडं पेंड खातंय ते बाहेर यायचं. बहुतेक वेळा ते मालकाच्याच हाताने खात असायचं, पण मामांनी चारचौघांत कोणाला तोंडावर पाडल्याचं मला आठवत नाही.

आम्ही वर्षातून दोन सहली काढतो. चाळीसेक गाड्या, पुढे अध्यक्षांची, मग मानानुसार बाकीच्यांच्या. मामांची गाडी सगळ्यांत शेवटी, कारण बंद पडलेली गाडी मागेच राहते. सहलींचे शेकडो फोटो माझ्याकडे आहेत. एकाही फोटोत मामांचा चेहरा नाही. असतात ते पाय, कोणाच्या तरी गाडीखालून बाहेर आलेले. क्लबातले लोक त्यावर हसायचे. मीही हसायचे.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे पंपहाऊसच्या साहेबांची मोडीत निघालेली गाडी. चार दारांची, सायीच्या रंगाची, टपाला गंज, सीटमध्ये उंदरांचा संसार. मामांनी ती नऊ वर्षं घेऊन जुळवली. रोज ड्यूटी संपली की दोन तास. मामी म्हणायच्या, "सवत आणली असती तर निदान भांडी तरी घासली असती." पण इंजिन मात्र पहिल्या दिवसापासून कारखान्यातून आलेलं तेच, मूळचं. त्यावरचा नंबर मामांना आपल्या मुलीच्या जन्मतारखेपेक्षा चांगला पाठ होता. मुलगी अजून त्यावरून रुसते.

योगायोग असा की आमच्या अध्यक्षांची, म्हणजे वकीलसाहेबांची काळी गाडीही त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, एखाद्या वर्षाच्या पुढेमागे निघालेली. त्यामुळे दोघांची गट्टी जमली. मी वकिलांबद्दल पुढे वाईट लिहिणार आहे, म्हणून हे आधीच लिहून ठेवते: मामांना क्लबात घेताना अर्ध्या सभेने नाकं मुरडली होती. गाडी दुरुस्त करणारा आणि गाडी बाळगणारा एका रांगेत कसे बसणार, असा प्रश्न होता. तेव्हा वकीलसाहेबच उठून म्हणाले होते, "हा क्लब गाड्यांचा आहे की कोटांचा, ते एकदा ठरवा." मी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या दिवशीच्या वकिलाबद्दल मला आजही आदर आहे. पुढे त्या माणसाचं काय झालं ते मला सांगता येणार नाही.

आता इंजिनाची गोष्ट. आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे मोठा मेळावा होता, बाहेरगावचे क्लब येणार होते आणि सगळ्यांच्या पुढे वकीलसाहेबांची काळी गाडी राहणार होती. तीन दिवस आधी साहेबांनी रेडिएटरमध्ये पाणी आहे की नाही ते न बघता गाडी घाटात घातली. इंजिन तापून तडकलं. बिडाच्या ब्लॉकला वीतभर तडा, आणि तोही नेमका ज्या जागी नंबर ठोकलेला असतो तिथून गेलेला. साहेब आमच्या गॅरेजमध्ये डोकं धरून बसले. गॅरेज वडिलांचं, आणि इंजिन उचलायची साखळीची पुली गावात तेवढी आमच्याकडेच.

मामांनी तडा बोटाने चाचपला. मग म्हणाले, "माझं काढून यात बसवू. मेळावा होऊ दे."

"आणि तुमची गाडी?" साहेबांनी विचारलं.

"माझी काय, शेवटीच असते. या खेपेला घरी राहील."

दोन दिवस दोघांनी मिळून काम केलं. साहेबांनीही बाह्या वर करून पाने दिले, हेही खरं. मी पुलीची साखळी ओढत होते. काम संपल्यावर मी दोन्ही गाड्यांच्या वह्या आणल्या. आमच्या क्लबात प्रत्येक गाडीची एक वही असते, आणि साधा पट्टा बदलला तरी त्यात तारखेसह लिहायचं असतं. साहेब म्हणाले, "अगं, दहा दिवसांसाठी कशाला कागद काळे करतेस? मेळावा झाला की परत बसवायचंय." मी मामांकडे बघितलं. मामा एरवी वायसर बदललं तरी वहीत लिहायला लावणारे. पण मैत्रीत असली नोंद मागणं त्यांच्या जिवावर आलं असावं. म्हणाले, "राहू दे. परत बसवू तेव्हा दोन्ही एकदम लिही."

वह्या मी तशाच मिटल्या.

मेळावा झोकात झाला. नंतर साहेबांच्या मुलीचं लग्न निघालं, मग एक मोठा खटला, मग मणक्याचं दुखणं. मामांनी तोवर ते तडकलेलं इंजिन पंपहाऊसच्या पद्धतीने शिवून काढलं. तड्याच्या कडेने बारीक भोकं पाडायची, त्यांत पिना ठोकायच्या, वरून कानशीने सपाट करायचं. काम इतकं सुंदर झालं की इंजिन पुन्हा पाण्याचा थेंब गळू देईना. पण त्यात नंबर गेला. ती जागा आरशासारखी गुळगुळीत झाली. मामांकडे आकड्यांचे पंच होते, वाटेल तो नंबर ठोकता आला असता. मी तसं सुचवलंही. ते म्हणाले, "मी कोण नंबर ठोकणारा? तो कारखान्याचा." मग ते इंजिन त्यांनी स्वतःच्या गाडीत बसवलं आणि पुन्हा सगळ्यांच्या मागून येऊ लागले. दोन्ही गाड्या चालत होत्या. विषय मागे पडला.

गेल्या वर्षी साहेबांनी सभेत नवा नियम आणला. मोठ्या महासंघाशी जोडून घ्यायचं तर प्रत्येक गाडीतलं इंजिन तिच्या कागदावरच्या नंबराचंच हवं. नसेल तर गाडी 'जुळवलेली', आणि मालक नुसता 'सहकारी सभासद'. म्हणजे मत नाही, रांगेत जागा नाही, परीक्षकाचं काम नाही. मामांना उलट आनंद झाला. सभा सुटल्यावर ते साहेबांना म्हणाले, "बरं झालं. आता या निमित्ताने तुमचं तुम्हाला, माझं मला."

"माझी गाडी रंगाला गेली आहे हो, बाहेरगावी," साहेब म्हणाले. "येऊ दे. नाहीच जमलं, तर हजेरीच्या दिवशी मी स्वतः उठून सांगतो की आपली अदलाबदल झालेली आहे. महिन्याची मुदत घेऊ. मी अध्यक्ष आहे, मला कोण अडवतंय?"

हे माझ्यासमोर झालं. मी शब्दन् शब्द ऐकला.

हजेरी म्हणजे आमची वार्षिक तपासणी. शाळेचं मैदान घेतो. प्रत्येक गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत आली पाहिजे, ढकलत आणलेली चालत नाही. सगळ्यांनी बॉनेट उघडून ठेवायची. पूर्वी नुसती गाडीची अवस्था बघायचे; नव्या नियमापासून परीक्षक इंजिनाचा नंबरही मोठ्याने वाचतो, चिटणीस वहीतला नंबर बघून खूण करते. आणि तपासणी चालू असताना मालकाने हात पाठीमागे बांधून उभं राहायचं, तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. पूर्वी मालक परीक्षकाच्या कानाशी लागून गाडीचं पुराण सांगत बसायचे, म्हणून हा नियम. इतकी वर्षं परीक्षक मामाच होते.

पहिली गाडी अध्यक्षांची, रंगून थेट मैदानात आलेली. नवा काळा रंग इतका चकचकीत की त्यात मैदानातली झाडं दिसत होती. मामा ओलं फडकं घेऊन वाकले, नंबराची जागा पुसली आणि थांबले. मी पेन्सिल धरून उभी होते. तिथे मामांचा नंबर निघणार अशी मामांची आणि माझी खात्री होती. मामांनी पुन्हा पुसलं, अंगठा फिरवला. मग एकेक आकडा सावकाश वाचला.

तो साहेबांचा नंबर होता. वहीतल्या नंबराशी तंतोतंत जुळणारा.

मला समजायला वेळ लागला. मामांना लागला नसेल. रंगाच्या नावाखाली गाडी बाहेर नेऊन कोणीतरी मामांचा नंबर घासून काढला होता आणि त्या जागी साहेबांचा ठोकला होता. अदलाबदल उलटी केली असती, तर बिननंबराचं इंजिन साहेबांच्या गाडीत आलं असतं. ज्या इंजिनावर मामांच्या गाडीची ओळख होती, त्यावरून ती कायमची पुसली गेली होती. आता ते परत मिळालं तरी कोणाचं म्हणून मिळणार? मामांनी मान वर करून साहेबांकडे बघितलं. साहेब हात पाठीमागे बांधून समोर बघत उभे होते. नियम तसाच आहे.

"जुळतो," मी म्हटलं आणि खूण केली.

पुढच्या चाळीस गाड्या मामांनी तपासल्या. एकही आकडा चुकला नाही. मधे एकदा ते साहेबांजवळ गेलेले मी पाहिले. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "नंतर बोलू" असं काहीतरी म्हणाले आणि पाहुण्यांकडे वळले.

शेवटची गाडी मामांची. स्वतःची गाडी स्वतः तपासता येत नाही, म्हणून छापखानेवाला एक सभासद पुढे झाला. हा सरळ माणूस आहे, त्याच्या मनात काही नव्हतं. त्याने वाकून बघितलं, पुसलं, पुन्हा बघितलं. "अहो, इथे नंबरच नाही," तो म्हणाला. "घासलेला आहे. आणि ब्लॉक तडकून शिवलेला आहे."

आजूबाजूचे लोक जवळ आले. नंबर घासलेलं इंजिन म्हणजे भंगारातलं, नाहीतर चोरीचं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. आणि कानस कोणाकडे आहे? पिना मारायची कला गावात कोणाला येते? जे काम बघून आपण त्यांना नमस्कार करायला हवा होता, तेच त्यांच्या विरुद्धचा पुरावा झालं. साहेब काही मूर्ख नव्हते. संशय पाना धरणाऱ्यावर जातो, पेन धरणाऱ्यावर जात नाही, हे त्यांना कोर्टात तीस वर्षं काढल्यावर ठाऊक असणारच.

मामांनी नियम मोडला. हात पाठीमागेच ठेवून बोलले, "साहेब, तुम्ही सांगता की मी सांगू?"

"काय सांगायचंय?" साहेबांनी विचारलं. आवाजात माया होती. अजून आठवली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

"इंजिनं आपण बदलली होती. मेळाव्याच्या वेळी. हे तुमचं आहे, तुमच्यात आहे ते माझं."

"मामा, माझ्या गाडीचा नंबर तर आत्ता तुम्हीच वाचलात. सगळ्यांच्या देखत."

मामांनी तो वाचला होता खरा. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं नाही, नुसतं बघितलं. "हिच्या गॅरेजमध्ये बदललं. ही होती तिथे."

चाळीसेक माणसं माझ्याकडे वळली. साहेबही वळले. म्हणाले, "चिटणीस, दोन्ही वह्या बघ. काही नोंद आहे?"

आता माझं सांगते. वडिलांची गाडी माझ्या नावावर आहे. दोघा भावांना ती विकायची होती. वडिलांनी ती मला दिल्याचा कागद साहेबांनी करून दिला, आणि त्या कागदावर वडिलांनी सही केली तेव्हा त्यांना मी कोण हेही ओळखू येत नव्हतं. पेन त्यांच्या बोटांत होतं, हात माझा होता. खोलीत तिसरे फक्त साहेब होते. याबद्दल ते मला आजवर एका शब्दाने बोललेले नाहीत. त्या मैदानातही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले, घरच्या माणसासारखे.

मी वह्या उघडल्या. पानं उलटण्याचं नाटक केलं. आत काय नाही ते मला पाठ होतं.

"नोंद नाही," मी म्हटलं.

हे खोटं नव्हतं. एवढ्यासाठीच ते इतकं सोपं गेलं. कोणी विचारलं नाही, "नोंद राहू दे, तू तिथे होतीस का?" विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, याचं उत्तर मी स्वतःला अनेकदा देऊन पाहिलं आहे. दर वेळी वेगळं येतं.

साहेबांनीच मग मामांची बाजू घेतली. "विषय वाढवू नका. माणूस आहे, हौसेपोटी झालं असेल. मामा आपलेच आहेत, त्यांना कोण बाहेर काढतंय? सहकारी सभासद म्हणून राहतीलच की." लोकांना ते फार आवडलं. किती मोठं मन, असं कोणीतरी म्हणालं. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी तेव्हा उभ्याउभ्या पाहिलं, आणि केस धरायला माझे दोन हात होते.

मामांनी पाठीमागे बांधलेले हात सोडले, बॉनेट लावली, गाडीत बसले आणि मैदानातून निघून गेले. त्यांच्यामागे त्या दिवशी कोणी नव्हतं. एरवीही नसायचंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, पुढच्या खोलीत खिडकीपाशी लोखंडी टेबल, त्याला वस्तू पकडायचा शेगडा लावलेला, भिंतीवर पाने मापाप्रमाणे टांगलेले. मामी दार उघडून तशाच आत निघून गेल्या. मामा शेजाऱ्यांचा टेबलफॅन उघडून बसले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं. पाणी विचारलं. मला ते शिव्या देतील म्हणून मी तयारी करून गेले होते. ती सगळी वाया गेली.

"मामा, माझा हात त्यांच्या दगडाखाली सापडला आहे," मी म्हटलं, आणि कागदाची सगळी हकीकत सांगून टाकली. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"असेल," ते म्हणाले. "साहेबांचंही काही असेल. प्रत्येकाचं असतं."

"तुमची वही मी आणली आहे. आत्ता लिहिते. मेळाव्याची तारीख घालून, इंजिन कोणाचं कोणात गेलं सगळं लिहिते. साक्षीदार म्हणून खाली सही करते." मी पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण काढलं.

मामांनी पंख्याच्या दांड्याला तेलाचा थेंब सोडला, बोटाने फिरवून बघितला.

"इथे कोणासाठी लिहितेस?" ते म्हणाले. "या घरात सगळ्यांना माहीत आहे."

मी पेनाला टोपण लावलं. मग वही पिशवीत घातली आणि उठले. त्यांनी दारापर्यंत सोडलं, पायरी तुटलेली आहे, जपून उतर, असंही सांगितलं. त्यानंतर ते क्लबात आले नाहीत. सहलीला शेवटून दुसरी असणारी गाडी आता शेवटची असते, आणि बंद पडली की आम्ही फोन करून कोणालातरी बोलावतो. तो नंतर हात धुतो.

महिन्याने सभा झाली. सभेच्या सुरुवातीला आधीच्या बैठकीचं इतिवृत्त चिटणीसाने वाचायचं असतं. मी उभी राहून वाचलं. 'एका सभासदाच्या गाडीत क्रमांक खोडलेलं इंजिन आढळलं. या संदर्भात अदलाबदलीचा दावा करण्यात आला, परंतु त्यास कोणताही आधार मिळाला नाही.' वाक्य माझं होतं. चांगलं जमलं होतं. वाचून झाल्यावर पद्धतीप्रमाणे मी विचारलं, कोणाची हरकत आहे का? पंख्याखाली सगळे शांत बसले होते. साहेब चष्मा पुसत होते. मी दहापर्यंत आकडे मोजण्याइतकी थांबले, एरवी इतकी थांबत नाही. कोणाचीच हरकत नव्हती. मग मी खाली बसले आणि 'वाचून कायम केले' असं लिहून त्याखाली सही केली.